देवघेव मोजणारे मोकाशी सर

"पेशंट आत आलाय," असं कुणी म्हटलं की मोकाशी सर ऐकू न आल्यासारखं करायचे. पुन्हा सांगितलं तरी ढिम्म. "पाहुणे आलेत" म्हटलं की लगेच खुर्चीतून उठायचे. आमच्या सेंटरमध्ये नव्याने लागलेल्या प्रत्येकाला हे पहिल्या आठवड्यात शिकावं लागे. स्कॅनची खोली यंत्रासाठी थंड ठेवलेली असते आणि तिथे डोकं न हलवता तासभर पडून राहणं हे काही सुखाचं काम नाही. सर स्वतः आत जाऊन पाहुण्यांच्या पायांवर पांघरूण घालायचे, टोकं नीट खोचायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "सकाळी काय खाल्लंत?" बंगाली माणूस या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देत नाही. त्याचं सांगून होईपर्यंत त्याची भीती गेलेली असे.

सर मूळचे सांगलीचे. मेंदूच्या स्कॅनिंगमध्ये आयुष्य घातलेले डॉक्टर. सरकारी नोकरीत दोन वर्षांसाठी म्हणून कोलकात्याला आले आणि तिथेच म्हातारे झाले. निवृत्तीनंतर आमच्या सेंटरने त्यांना सल्लागार म्हणून बोलावून घेतलं. मी नाशिकची, फिजिक्स शिकलेली. यंत्राची तपासणी आणि आकडेमोड माझ्याकडे. माझी मुलाखत सरांनीच घेतली, इंग्रजीत आणि अत्यंत रुक्षपणे. मला पुरता घाम फोडला. नंतर लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा दाराकडे बघत ते म्हणाले, "जेवलीस का?" परक्या गावात अचानक मराठी ऐकून मी अशी गडबडले की "नाही" म्हणायच्या ऐवजी "हो" म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत उपाशी राहिले.

आमचं काम नेमकं काय, हे घरच्यांना समजवायला मला अजून अर्धा तास लागतो. सरांचं दोन मिनिटांत व्हायचं.

"दोन शेजारणी आहेत असं समजा," ते पाहुण्यांच्या नातेवाइकांना सांगायचे. "एकीने आमटीची वाटी पुढे करायची, दुसरीने घ्यायची. वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही, काहीतरी घालून द्यायची. मेंदूतल्या पेशींचं असंच चाललेलं असतं. पेशी मेल्या की साध्या एमआरआयला कळतं, घरच पडलेलं असतं ना. पण त्याच्या कितीतरी आधी वाटी फिरायची थांबते. घर उभं, माणूस आत, दिवा चालू. बाहेरून सगळं ठीक. आम्ही वाटी फिरते का, ते बघतो."

शास्त्रात या देवघेवीच्या जागांना सिनॅप्स म्हणतात. शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध नेमकं या जागांपाशी जाऊन चिकटतं. जिथे जागा कमी झाल्या असतील तिथे पडद्यावरचा रंग फिका पडतो. विसरायला होण्याच्या अगदी सुरुवातीला हा फिकेपणा हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या खोल आतल्या, आठवणींच्या भागात दिसू शकतो. पण हे सगळं अजून संशोधन आहे. एकट्या चित्रावरून कुणाचं भविष्य सांगायचं नाही, असा सरांचा दंडक होता आणि तो मोडणाऱ्याची ते सगळ्यांसमोर खरडपट्टी काढत.

एकदा डमडमच्या एक निवृत्त शिक्षिका नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. स्कॅन झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे मला किती दिवस ओळखतील?"

"चित्र आजचं आहे. उद्याचं माझ्याकडे नाही," सर म्हणाले.

बाईंनी पुन्हा विचारलं. सरांनी तेच पुन्हा सांगितलं. बाई भडकल्या. मग तुमच्या एवढ्या मोठ्या मशीनचा उपयोग काय, असं बरंच काही बोलल्या. शिकवण्यात आयुष्य गेलेलं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सगळा कॉरिडॉर ऐकत होता. सरांनी चहा मागवला आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. संध्याकाळी मला म्हणाले, "त्यांचा प्रश्न बरोबर होता गं. पण उत्तर असतं तरी मी दिलं नसतं. उत्तर मिळालं ना, की माणूस त्या दिवसापासून उत्तराबरोबर राहायला लागतो. शेजारी बसलेल्या माणसाबरोबर नाही."

मला हे तेव्हा फार पटलं होतं. त्यांनाही पटलेलं असणार, नाहीतर इतक्या ठामपणे बोलले नसते.

सर कोलकात्याच्या बेहाला भागात राहायचे, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला आधी स्वयंपाकघर दाखवलं. फडताळात चकलीचे सोरे ओळीने मांडलेले, पितळी, स्टीलचे, एक लाकडी. त्यांच्या मागे पुरणयंत्रं. एका घरात एवढी कशाला लागतात, असं मी विचारलं.

"ही आमची नाहीत. ही गेलेल्यांची आहेत," सर म्हणाले.

मी चरकले. त्यावर ते खो खो हसले. गेलेले म्हणजे बदली होऊन गेलेले. कोलकात्यातली मराठी माणसं बहुतेक बदलीवरची. फोर्ट विल्यमला आलेला फौजी अधिकारी, बँकेतला मॅनेजर, कुठल्याशा कंपनीतलं जोडपं. आल्या आल्या कुणीतरी त्यांना मोकाशांकडे पाठवायचं. सरांच्या पत्नी कुंदाताई त्यांना भाजी कुठे घ्यायची, जाड पोहे कुणाकडे मिळतात, मोलकरणीशी बंगालीत काय बोलायचं, सगळं शिकवायच्या. घरोबा होईतो तीन वर्षं झालेली असायची आणि सामान बांधायची वेळ यायची. जाताना स्वयंपाकघरातली एक वस्तू मागे राहणाऱ्यांकडे ठेवून जायची, असा रिवाज आपोआप पडून गेला होता. मागे राहणारे नेहमी हेच दोघं. "आमचं घर म्हणजे वेटिंग रूम," सर म्हणायचे. "फक्त आमची गाडी काही लागत नाही."

कुंदाताई मी कोलकात्याला जायच्या आधीच वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. सर त्यांच्याविषयी फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "ती गेली आणि घरातलं मराठी बंद झालं. स्वतःशी बोलून पाहिलं. पण मला मुळात माझं ऐकून घ्यायची सवय नाही."

म्हणून आमचा सोमवारचा डबा. दर सोमवारी आम्ही जेवायला एकत्र बसायचो आणि सर रविवारभर साठवलेलं मराठी माझ्यासमोर मोकळं करायचे. सांगलीची पेठ, वडिलांचा संताप, कृष्णेच्या घाटावर वाहून गेलेली चप्पल. मध्ये मी एक शब्द बोलले तर बोलले. पुढे पुढे चप्पल दर सोमवारी वाहून जायला लागली. म्हाताऱ्या माणसाला आवडती गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते, त्यात काय, असंच मी धरून चालले.

बाकीचे दिवस ते बिजॉयदांचे. बिजॉयदा वरच्या मजल्यावर राहायचे, ज्यूटच्या कंपनीतून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी दोघं इमारतीखालच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसून भांडायचे. बेहाल्याची मेट्रो कधी होणारच नाही यावर कित्येक वर्षं भांडले. मेट्रो सुरू झाल्यावर ती फार उशिरा झाली यावर भांडू लागले. सरांचं बंगाली ऐकण्यासारखं होतं. बाजारात मासेवाला त्यांना "डाक्तारबाबू" म्हणून हाक मारायचा आणि सर मासा न खाता नुसता त्याचा भाव विचारून, तो महाग आहे असं सांगून पुढे जायचे.

आता त्या दुपारची गोष्ट सांगायला हवी.

स्कॅन वाचायची सरांची एक पद्धत होती. दिवे मंद करायचे, उभं राहायचं आणि म्हणायचं, "नाव झाका." नाव, वय, घरच्यांची तक्रार काहीही पडद्यावर दिसता कामा नये, फक्त एक क्रमांक. संशोधनात हे सगळीकडे करतात, पण सरांची त्यावर एक टिप्पणी असे. "नाव दिसलं की आपण मेंदू बघत नाही, माणसाची दया करत बसतो." आधी नुसतं रंगाचं चित्र बघून मत सांगायचं, मी ते टाईप करायचं आणि त्यानंतरच त्याच माणसाचा एमआरआय शेजारी उघडायचा. एकदा सांगितलेलं मत बदलायचं नाही.

या अभ्यासाला तुलनेसाठी निरोगी म्हातारी माणसं लागतात, आणि ती मिळत नाहीत. ज्याला काही होत नाही तो उगाच नळीत डोकं घालून कशाला पडेल? तेव्हा सर स्वतःच एकदा आत जाऊन झोपले होते. पांघरूण मी घातलं. "सकाळी काय खाल्लंत?" असंही विचारलं. "शिळी पोळी," ते म्हणाले, "आणि पुढचं विचारू नकोस." ते स्कॅन इतरांच्या गठ्ठ्यात क्रमांक लावून मिसळलं गेलं. केव्हा समोर येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

त्या दुपारी तीन-चार स्कॅन वाचून झाली होती. पुढचं उघडलं. सर नेहमीसारखे हात मागे बांधून उभे.

"लिही. हिप्पोकॅम्पस, दोन्ही बाजूंना रंग फिका. डावीकडे जास्त. बाकी ठिकाणी ठीक. माझ्या मते सुरुवात झालेली आहे."

मी टाईप केलं आणि एमआरआय उघडला. सर एकेक काप पुढे सरकवत गेले. डाव्या बाजूला, कवटीच्या आतल्या कडेला, वाटाण्याएवढा पाण्याचा बुडबुडा दिसला.

तो बुडबुडा आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता. सरांच्या तरुणपणच्या एका एमआरआयमध्ये तो अचानक सापडला होता. निरुपद्रवी, जन्मापासूनचा. शिकायला येणाऱ्या मुलांना ते तो दरवर्षी दाखवायचे. "हा माझा भाडेकरू. भाडं देत नाही, पण त्रासही देत नाही," असं म्हणायचे आणि पोरं हसायची.

मी पडद्याकडे बघत राहिले. वळून त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

"काय लिहिलंस ते वाच," सर म्हणाले.

मी वाचलं.

"बरोबर आहे. तसंच ठेव." मग म्हणाले, "पुढचं लाव."

आणि पुढची सगळी स्कॅन त्यांनी वाचली. एकाही ठिकाणी घाई केली नाही. घरी जाताना दारात थांबून म्हणाले, "मेधा, तू रडतेयस हे मला बिनस्कॅनचं दिसतंय. तोंड धुऊन ये." मी त्या माणसाइतका एकटा माणूस पाहिलेला नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायचं त्या कुंदाताई घरात नव्हत्या, आणि सांगायची गरज होती ती नेमकी त्यांनाच.

त्यांनी पुढच्या तपासण्या करून घेतल्या. त्यांच्याच ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, किंचित फरक आहे, सगळी कामं होतायत, आहात तसे राहा, माणसांत राहा. एकट्या चित्रावर जाऊ नका, असंही त्यांनी बजावलं. सरांचंच वाक्य सरांना ऐकवलं. पण सरांनी तोवर निर्णय घेऊन टाकला होता. शेवटी ते पुस्तकं वाचलेले डॉक्टर. माणूस विसरायला लागला की मागाहून शिकलेल्या भाषा आधी जातात आणि पहिली शेवटपर्यंत टिकते, असं त्यांनी वाचलेलं होतं, थोडंफार पाहिलेलंही होतं.

टपरीवर मी आणि बिजॉयदा समोर असताना ते म्हणाले, "उद्या माझं इंग्रजी जाईल, हिंदी जाईल, मग बंगाली जाईल. उरेल मराठी. बेहाल्यात मी मराठीत पाणी मागेन आणि लोक माझ्या तोंडाकडे बघतील. तू काय जन्मभर इथे राहणार आहेस? तुझीही बदली होईल. मला जिथे शेवटची भाषा कळते तिथे गेलं पाहिजे, आणि अजून तिकीट काढता येतंय तोवर गेलं पाहिजे."

सांगलीला त्यांचा पुतण्या नितीन होता. चांगला मुलगा. तो "काका, या, घर तुमचंच आहे," असं म्हणतच होता.

बिजॉयदांनी चहाचा मातीचा कप खाली आपटला. "आपनि मराठीते बोकबेन, आमि बांग्लाय बोकबो," ते ओरडले. "एतोदिन के कार कोथा शुनेछे?" तुम्ही मराठीत बडबडा, मी बंगालीत बडबडेन. इतके दिवस तरी कोण कुणाचं ऐकत होतं? टपरीवरचे लोक हसले. सरही हसले. मग बिजॉयदा उठून जिना चढून गेले आणि सर जाईपर्यंत खाली उतरले नाहीत. विमानतळावर सरांना पोचवायला मी एकटीच गेले. चेक-इनच्या रांगेत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे सरकले. एवढी वर्षं लोकांना निरोप देऊनही या माणसाला निरोप घ्यायचा कसा हे येत नव्हतं.

सुरुवातीला सोमवारी फोन यायचा. सांगली फार बदलली म्हणायचे. पेठेत ओळखीचं कुणी उरलं नाही, शाळेतले मित्र गेले किंवा मुलांकडे गेले. "इथे सगळ्यांना माझं बोलणं कळतं," ते एकदा म्हणाले, "पण मी कशाबद्दल बोलतोय ते कुणाला कळत नाही." मग फोन आखूड होत गेले. मग नितीनच बोलायला लागला. काका हल्ली फोन घेत नाहीत, म्हणायचा.

माझीही बदली झाली, पुण्याला. त्यानंतर एका रविवारी मी सांगलीला गेले. घर छान होतं, पुढे पडवी, पायऱ्यांशी तुळस. सर खुर्चीत बसलेले, दाढी केलेली, स्वच्छ सदरा. नितीन आणि त्याची बायको अश्विनी त्यांचं मनापासून करत होते, हे बघताक्षणी कळत होतं.

"सर, मी मेधा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "आपनि कोथा थेके एलेन?" आपण कुठून आलात?

मी मराठीत उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा बंगालीतच काहीतरी विचारलं, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत.

"असंच चाललेलं असतं," अश्विनी हलक्या आवाजात मला म्हणाली. "मधेच एखादा मराठी शब्द, मधेच हे. आधी वाटलं बंगाली असेल. पण इथे विचारणार कुणाला? डॉक्टर म्हणाले, असंबद्ध बोलणं आता वाढणारच, अर्थ लावत बसू नका."

मी खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसले आणि माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत विचारलं, सकाळी काय खाल्लंत? सरांचा चेहरा उजळला. ते बोलायला लागले. उपमा झाला होता आणि मीठ जरा कमी होतं. पण हे घर परक्यांचं, तक्रार करणं बरं दिसत नाही. इथल्या बाई फार सज्जन आहेत, दोन वेळा चहा आणून देतात. पण त्यांना वेळ नसतो. एकही वाक्य असंबद्ध नव्हतं. एखाद्या भल्या घरी उतरलेला बंगाली गृहस्थ जसा बोलेल तसं स्वच्छ, अदबीचं बोलणं होतं. मराठी गेलेलं नव्हतंच. कुणाशी कुठली भाषा बोलायची ते निवडणं गेलं होतं, आणि हाताला लागली ती चाळीस वर्षं रोज वापरलेली. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं असेल तर सरांनी ते वाचलं नव्हतं. ते कळणाऱ्या भाषेच्या गावाला आले आणि न कळणारे झाले. मला त्या पडवीत बसून त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात अश्विनी चहा घेऊन आली. कप त्यांच्या हातात देऊन ती आत वळणार, तोच सर म्हणाले, "एकटू बोशबेन? कोथा छिलो."

"हे बघा, हे रोज म्हणतात," अश्विनी म्हणाली. "चहा दिला की हेच. मी आपली 'हो हो' म्हणते आणि जाते. काय आहे हो हे?"

"जरा बसाल का, बोलायचं होतं. असं म्हणतायत."

अश्विनीने हातातल्या ट्रेकडे पाहिलं. मग तिने ट्रे जमिनीवर ठेवला, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोरच्या पायरीवर बसली. आत कुकरची शिट्टी झाली तरी उठली नाही.

माझी बस चुकायला नको म्हणून मी निघाले. फाटकाची कडी लावताना मागे पाहिलं. सर बोलत होते, बंगालीतच, अगदी सावकाश. आणि अश्विनी त्यांच्या तोंडाकडे बघत, एकही शब्द कळत नसताना, मान हलवत होती.